बाईंचा पिवळा कंद

खोली दाखवायच्या आधीच बाईंनी मला विचारलं, "संध्याकाळी पडदे लावून बसतेस की उघडे टाकून?"

हॉलंडातल्या नायमेखनमध्ये कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. घर बघायला जाताना घरमालक काय काय विचारतील याची मी तयारी केली होती: पगार, परमिट, फोडणीचा वास. पडद्यांचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. हॉलंडात सगळे पडदे उघडे टाकून बसतात, रस्त्यावरून जाताना कुणाच्या घरी आज जेवायला काय आहे ते दिसतं. मला वाटलं, मी इथल्या रीतीभातीत बसेन की नाही हे बाई बघतायत. मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "उघडे!"

"मग नाही जमायचं," म्हणून त्या दार लावायला लागल्या.

कारण मागच्या अंगणात होतं. तिथे कुंड्या होत्या, आणि वरच्या खोलीतल्या दिव्याचा उजेड थेट त्यांच्यावर पडायचा. त्या कुंड्यांतली झाडं दिवस लहान झाल्याचं कळल्याशिवाय जमिनीखाली कंद धरत नाहीत. माझ्या खोलीत दिवा जळत राहिला तर त्यांना वाटणार, अजून उन्हाळाच चाललाय. म्हणून वरच्या खिडकीला बाईंनी काळ्या अस्तराचा जाड पडदा स्वतः शिवला होता, आणि दिवस मावळला की तो ओढायचा ही त्या घराची एकमेव अट होती. ती मी कबूल केली आणि खोली मिळाली. बाकी पाहुणे, फोडणी, उशिरा येणं, कशालाच त्यांची हरकत नव्हती. शेजारच्या डच आजोबांनी मात्र मला एकदा कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं की वर तुम्ही गांजा लावलाय का.

बाई मूळच्या नागपूरच्या. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करायला तरुणपणी इथे आल्या आणि बियाण्यांच्या संशोधनात राहिल्या. लग्न केलं नाही. अधूनमधून शिकवायच्या, म्हणून 'बाई'. दारावर नावाची पाटी नव्हती, फक्त घराचा नंबर. ते शेजारचे आजोबासुद्धा त्यांना 'मेव्राउ बाई' म्हणायचे. डचमध्ये मेव्राउ म्हणजे बाईच, त्यामुळे ते 'बाई बाई' असं काहीतरी व्हायचं, पण बाईंना ते चालायचं.

त्यांची ख्याती मात्र वेगळ्याच कारणासाठी होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे तत्त्व वगैरे नव्हतं, ते अंगच नव्हतं त्यांना. इथले लोक तोंडावर बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण बाई त्यांनाही जरा जास्तच व्हायच्या. आजोबांनी हरितगृहात जिवापाड जपलेले टोमॅटो आणून दिले तर बाई एक खाऊन म्हणाल्या, "पाणी आहे हे. लाल पाणी." आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका गृहस्थांनी नाट्यगीत म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई त्यांच्याजवळ जाऊन शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरचे चांगले आहेत. ते तुम्हाला सांगत नाहीत." पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना बोलावलं नाही. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

मीही सुटले नाही. ऑफिसात मला डावलून दुसऱ्याला बढती दिली तेव्हा मी खाली त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि म्हटलं, "बाई, मी खरंच कमी पडते का?" कुणीही 'नाही गं' म्हणालं असतं. बाई विचार करून म्हणाल्या, "हो. एखादी गोष्ट कळली नाही की तू विचारत नाहीस, मान डोलावतेस. माझ्यासमोरही डोलावतेस." मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये हात वर केला. मला बाई आवडायला लागल्या त्या तेव्हापासून.

आता त्या झाडाबद्दल. त्याचं नाव ओका. मराठी माणसाला हे नाव ऐकून जे वाटतं ते मलाही वाटलं, पण बाईंसमोर हसायची सोय नव्हती. ओका अँडीजच्या डोंगरातला, पेरू-बोलिव्हियाकडे लोक तो बटाट्यासारखा खातात. आपल्याकडे कुंडीत आपोआप उगवते ती आंबुशी, तिचा हा थोरला भाऊ. तशीच तीन-तीन हृदयासारखी पानं, रात्री तशीच मिटून घेणारी. खाली अंगठ्याएवढे कंद, चकचकीत, घड्या पडलेले, सोलायचीही गरज नाही. चव आंबूस. काढल्यावर काही दिवस उन्हात ठेवले की गोडी येते.

ओक्याची अडचण एकच. त्याच्या मूळ गावी दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. इथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे तो नुसता पाला वाढवत बसतो. दिवस लहान झाले की मग जागा होतो आणि कंद धरायला लागतो, तोवर दारात गोठवणारी थंडी उभी असते आणि पाला एका रात्रीत काळा पडतो. बाईंना असा ओका हवा होता जो सप्टेंबरमध्येच कंद धरेल. त्यासाठी त्या उन्हाळाभर बारीक कुंचला घेऊन फुलाफुलातून परागकण फिरवायच्या. ओक्याच्या फुलांचे तीन प्रकार असतात, स्वतःच्याच प्रकाराशी त्यांचं जमत नाही, आणि जमलं तरी बी इतकं कमी की तळहातावर शोधावं लागतं. नऊ वर्षं हे चाललं होतं. शेकडो रोपं उपटून टाकल्यावर एक निघालं होतं, पिवळ्या कंदाचं, डोळ्यांपाशी गुलाबी ठिपका. ते सप्टेंबरमध्ये कंद धरायचं. त्याला त्यांनी नावसुद्धा दिलं नव्हतं. नाव द्यायची घाई करू नये म्हणायच्या.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली. आली ती लाडू, लोणचं आणि एक प्रश्न घेऊन: "तुझ्या घरमालकिणीचं आडनाव काय?"

"माहीत नाही."

"दोन वर्षं राहतेस आणि आडनाव माहीत नाही?"

शेवटी तिने जिन्यात स्वतःच विचारलं. बाई म्हणाल्या, "कशाला हवंय? पत्र पाठवायचंय?" आई एवढीशी झाली.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. आईचं परतीचं विमान रद्द झालं. मी वर लॅपटॉपसमोर, आई माझ्या मागे पोळ्या लाटतेय, बाई खाली. बाई सत्तरीच्या पुढच्या, आईला मधुमेह, तेव्हा दोघींनी एकमेकींपासून लांब राहायचं ठरलं. पण माणसं किती लांब राहणार? जिन्याच्या मध्यावर एक खिडकी होती, तिच्या रुंद कठड्यावर देवघेव सुरू झाली. ठेवायचं आणि निघून जायचं. आईने थालीपीठ ठेवायचं, बाईंनी अळकुड्या ठेवायच्या. एकदा बाईंनी वाडगाभर लाल ओके ठेवले. आईने त्यांची भाजी केली आणि दुसऱ्या दिवशी जिन्यातून ओरडून सांगितलं की छान होते.

चौदा एप्रिलला बाई पांढरीशुभ्र साडी नेसल्या. खालच्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या. ते नर्स लोकांसाठी आहे असं समजून आजोबांनीही त्यांच्या खिडकीत दोन लावल्या. जिन्यात झाकलेल्या वाडग्यात खीर आली. आईला जे कळायचं ते कळलं. ती काय बोलेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आईने खीर खाल्ली, माझ्या वाटणीचीही थोडी खाल्ली आणि म्हणाली, "वेलची ताजी कुटलीय. अशी दाट खीर मला जमत नाही." आडनावाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मला हायसं वाटलं, आणि आईबद्दल तशी धास्ती बाळगल्याचं वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात एकादशी आली. आई सगळ्या एकादश्या धरते. साबुदाणा संपला होता, द हेगच्या भारतीय दुकानातून येणारी पेटी कुठेतरी अडकली होती. आणि सकाळी बघते तर जिन्याच्या कठड्यावर अंड्यांचा कागदी ट्रे, त्यात लाल-पिवळे ओके ओळीने मांडलेले. आईला वाटलं, बाईंना एकादशी कळली. तिचे डोळे भरून आले होते, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

तुपावर जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वर लिंबाची गरजच नाही. भाजी झाली. आता खिरीचा वाडगा परत करायचा होता, आणि आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आईने तो वाडगा भाजीने भरला, झाकण ठेवलं आणि कठड्यावर नेऊन ठेवला.

थोड्या वेळाने जिन्यात धाडधाड पावलं वाजली. बाई मास्क न लावता दारात उभ्या होत्या, हातात उघडा वाडगा.

"हे काय आहे?"

"उपासाची भाजी," आई कौतुकाने म्हणाली. "तुमचेच कंद. जरा आंबूस आहेत, म्हणून कूट सढळ हाताने घातलं."

"पिवळेही?"

"पिवळे, लाल, सगळे. एकही वाया घालवला नाही."

"काय करून ठेवलं बाप्पा तुम्ही!" बाईंचं नागपूर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग आवाज उतरला. "कोंब? त्यांना कोंब आले होते."

"ते काढून टाकले ना, हिरव्या बादलीत."

बाईंनी ओल्या कचऱ्याची ती मोठी बादली घरासमोरच्या फरशीवर उलटी केली आणि गुडघ्यांवर बसून चहाच्या चोथ्यातून, भाजीच्या देठांतून एकेक कोंब वेचायला लागल्या. ओका नुसत्या कोंबापासूनही लागतो. मीही बसले. आई दारात उभी होती, तिला अजून काही कळत नव्हतं.

तो ट्रे कठड्यावर होता कारण सकाळचं ऊन घरात फक्त तिथे यायचं, आणि लावणीआधी कोंबांना ऊन दाखवावं लागतं. लाल तर कुणाकडेही मिळाले असते. पण मागच्या हिवाळ्यात उंदरांनी पिवळ्यांचा बराच साठा फस्त केला होता. उरलेल्यातले अर्धे बाईंची एनस्खेडे शहरातली मैत्रीण घेऊन जाणार होती, नेमकं त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. त्यामुळे जगात होते तेवढे पिवळे ओके त्या ट्रेमध्ये होते.

दुसरं कुणी असतं तर म्हातारीला कशाला दुखवा म्हणून गप्प बसलं असतं. बाईंनी कचरा पुन्हा भरला, हात धुतले, वर आल्या आणि आईला सगळं समजावून सांगितलं. रागाने नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही माझी नऊ वर्षं खाल्लीत, ताई."

संध्याकाळी मी खाली डोकावले तर बाई टेबलाशी बसून तीच भाजी खात होत्या. "मी हा कधी चाखलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "प्रत्येक कंद बियाण्याला लागायचा. चव चांगली निघाली. मीठ जास्त झालंय." हे त्यांनी आईलाही कळवलं, मिठासकट.

आई दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की तो पिवळा कंद परत येईपर्यंत ती उपासाला कंदमूळ खाणार नाही. बटाटा नाही, रताळं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, साबुदाणा आहे. दुर्दैवाने हे बोलणं जिन्यात चाललं होतं. खालून बाईंचा आवाज आला, "साबुदाणा म्हणजे कसाव्याचं मूळच. तेही तिकडचंच, दक्षिण अमेरिकेतलं." आईने साबुदाणाही सोडला. मी खाली जाऊन बाईंच्या अक्षरशः पाया पडले की आता शेंगदाण्याबद्दल काही बोलू नका. "शेंगदाण्याचं काय? ती शेंग आहे. जमिनीत येते म्हणून कंद होत नाही," बाई म्हणाल्या, आणि आईचे शेंगदाणे वाचले.

बाईंना हा नेम अजिबात पटला नव्हता. "तुमच्या पोटाचा आणि माझ्या झाडाचा काय संबंध? झाडाला कळणार आहे का?"

"झाडाला नसेल कळत," आई म्हणाली. "मला कळतं."

वेचलेल्यातले निम्मे कोंब कुजले. जगले ते बाईंनी गावाबाहेर भाजीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर लावले. इथे त्याला फोल्क्सटाउन म्हणतात, प्रत्येकाचा एवढासा वाफा आणि एक लाकडी खोपटं. यातला पिवळ्याचा कोंब कुठला, लालचा कुठला, हे पाल्यावरून सांगता येत नव्हतं. सप्टेंबरमध्ये ज्याच्या खाली कंद लागेल तो आपला, बाई म्हणाल्या. उन्हाळाभर आई माझ्याबरोबर सायकलच्या मागे बसून तिथे यायची आणि दीड मीटरवरून त्या झाडांकडे बघत उभी राहायची. जुलैत तिला सरकारने सोडलेल्या एका विमानात जागा मिळाली. निघताना दोघी जिन्यात उभ्या राहिल्या, एक वरच्या पायरीवर, एक खाली.

"साखर सांभाळा," बाई म्हणाल्या.

"कंद आला की कळवा," आई म्हणाली.

मग दर एकादशीला आईचा व्हिडिओ कॉल यायचा. देवाचं काहीही न मानणाऱ्या बाईंना पंचांग पाठ झालं. सप्टेंबरमध्ये त्यांनी प्रत्येक झाडाच्या बुडाशी मातीत बोटं घालून पाहिलं. नुसते पांढरे धागे होते. त्यांनी आईला तसंच सांगितलं, "नाही आला. डिसेंबरमध्ये सगळे उपटू तेव्हा नक्की कळेल, पण आशा कमी आहे." आई म्हणाली, "बरं."

कार्तिकातल्या एकादशीला आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. पोटात दूध आणि मूठभर दाणे, वर मधुमेहाची गोळी. कपाळाला टाके पडले. भावाचा फोन आला: "ती कुणाचंच ऐकत नाही. तूच काहीतरी कर." इथून मी काय करणार होते? उठून जावं तर विमानांचे आणि चाचण्यांचे नियम रोज बदलत होते. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शुद्ध मूर्खपणा आहे," आणि आत निघून गेल्या. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

थंडीने पाला काळा पडला. त्यानंतरही ओका आणखी दोन-तीन आठवडे जमिनीतच ठेवायचा असतो, मरणाऱ्या देठांतलं उरलंसुरलं तो खाली ओढून घेतो आणि फुगतो. डिसेंबरमध्ये आम्ही दोघी फोल्क्सटाउनवर गेलो. बाईंना वाकवत नव्हतं, मी खणत होते. कंद भरपूर निघाले. लाल. एकेक कंद बाईंनी बादलीतल्या पाण्यात बुचकळून, अंगठ्याने माती काढून पाहिला. बोटं थंडीने जांभळी झाली तरी शेवटचा कंद होईपर्यंत थांबल्या नाहीत. सगळे लाल.

"गेला," बाई म्हणाल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. एवढ्या वर्षांचं काम संपल्यावर माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. खोपट्याकडे बघत त्या बसून राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. एकादशी होती. आई. मी तो खिशातच दाबून धरला. बाईंनी हात पुढे केला. "दे इकडे."

पडद्यावर आई दिसली, कपाळावर टाक्यांची खूण, चेहरा उतरलेला. तिने काही विचारायच्या आत बाई म्हणाल्या, "आला, ताई."

मी बाईंकडे बघतच राहिले.

"खरंच?" आईचा आवाज फुटला. "दाखवा ना."

बाईंनी ढिगातला सगळ्यात मोठा कंद कॅमेऱ्यासमोर धरला. आईने चष्मा पुसून पुन्हा लावला, निरखून पाहिलं.

"पण हो, तो पिवळा होता ना?"

"होता," बाई म्हणाल्या. डोळ्याची पापणी हलली नाही. "कोंबांना ऊन जास्त लागलं. उन्हानं यांचा रंग बदलतो. आतून तोच आहे."

आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि रडायला लागली. मग हसायला लागली. म्हणाली, "आता संध्याकाळी रताळं उकडते."

"संध्याकाळी नाही. आत्ता. माझ्यासमोर. फोन तिथे डब्याला टेकवून ठेवा."

पुण्यात आईने रताळी धुतली, कुकर लावला. नायमेखनच्या त्या गारठ्यात बाई फोन हातात धरून शिट्ट्या होईपर्यंत बसून राहिल्या. मी त्यांच्या खांद्यांवर माझा कोट टाकला, तोही त्यांना कळला नाही. आईने रताळ्याचे तुकडे करून फुंकर घालून पहिला घास खाल्ला. "अजून एक," बाई म्हणाल्या. तिने अजून एक खाल्ला. मगच त्यांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला.

आम्ही लाल कंद पोत्यात भरले. खोपट्याला कडी लावताना बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उन्हानं ओक्याची गोडी वाढते, रंग बदलत नाही. मघाशी मी बोलले म्हणून तू कुठे तसं सांगत बसू नकोस."